उभ्या वाऱ्याचे हवालदार

हवालदार हे हवालदार नव्हते. पलटणीतून ते लान्सनाईक म्हणून सुटून आले. पुढची बढती आमच्या पांढरकवड्यानं दिली. गावात आल्यावर पंधरा दिवसांत ते हवालदार झाले, आणि आमच्या गावाचा हात इतका सढळ, की आणखी चार वर्षं राहिले असते तर सुभेदार होऊनच मेले असते. ते राहिले नाहीत. त्याचं कारण मी. ते पुढे येईलच. गोष्ट सांगताना मी आधी जरा लांबून वळसा घेतो, आणि या वेळी वळसा घ्यावासा वाटण्याला कारणही आहे.

मी त्या काळी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी आली की वहीत लिहायची, गेली की लिहायची, आणि मधल्या वेळात बोलायचं. बोलायला मधला वेळ भरपूर असे. नागपूरकडून हैदराबादला जाणारे ट्रकवाले स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला थांबत, ते चहासाठी नव्हे, माझ्यासाठी, असं मी सांगत असे. एकदा मी सांगितलं की उमरीच्या उतारावर वाघानं एस.टी.ला हात दाखवला आणि कंडक्टरनं त्याला 'फुल्ल आहे' म्हणून सांगितलं. सकाळी साडेसातच्या गाडीनं ही गोष्ट घाटंजीला गेली. संध्याकाळी वणीच्या गाडीनं परत आली तेव्हा वाघाबरोबर वाघीण होती आणि तिच्याजवळ सामान होतं. मी कधी थाप मारली नाही. मी फक्त गाडीत बसवून दिली. पुढं ती आपली आपण वाढली.

चीनच्या लढाईनंतर आमच्याकडं सगळ्यांनाच बंदूक हवी झाली. वकील, मास्तर, कापसाचे अडते, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे ढेऱ्या सावरत पोटावर झोपून नेम धरायला तयार झाले. गावाबाहेर पहाडाच्या पायथ्याशी पडीक जमीन होती, तिथं एक बांध घातला, शंभर यार्डांवर लाकडी चौकटी रोवल्या, त्यांत कागदावरचे काळे चांद लावले, आणि चांदमारी सुरू झाली. टू-टूच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, तीन रायफली मिळाल्या. क्लबचे अध्यक्ष वकीलसाहेब. आणि मैदान सांभाळायला एक माणूस हवा म्हणून पलटणीत चांदमारीवरच उभी नोकरी काढलेले हे हवालदार आले.

ते घाटंजीच्या बाजूच्या एका तांड्यातले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. "आमच्याइत," हवालदार म्हणत, "तळ टाकाच्या आंधी म्हातारा माणूस एक गवताची काडी पेटवे. धूर कुठं जाते ते पाहे. मंग बैल कुठं बांधाचे, चूल कुठं मांडाची, ते ठरे. धूर पाह्यल्याबिगर आमच्याइत कोणी बसलं नाही." हे सांगताना ते तुमच्याकडं पाहत नसत. तुमच्या खांद्यावरून पलीकडं, एखादं पान हलत असेल तिकडं पाहत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, आपल्यामागं कोणी येऊन उभं राहिलं.

उंच, वाळलेला माणूस. मान डावीकडं जरा कललेली. आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि वाकलं की ते दोन बोटांनी तुम्हाला मागं सारत. कारण तुम्ही वारा अडवला.

आता त्यांच्या वेडाकडं येतो.

कुठल्याही चांदमारीवर निशाणं असतात. वारा डावीकडून आहे की उजवीकडून, हे नेमबाजाला कळावं म्हणून. आमच्याकडंही क्लबनं दोन आणली होती, लाल, चांगली हातभर. हवालदारांनी ती पाहिली, घडी केली आणि आपल्या झोपडीच्या दाराला पडदा म्हणून लावली. मग स्वतःची केली. बांबूची काठी, काठीच्या टोकाला सायकलच्या चाकाची तार अशी अडकवलेली की तराजूच्या दांडीसारखी वर-खाली डुलावी, तारेच्या एका टोकाला मेणाची गोळी, दुसऱ्याला पातळ कापडाची पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी वीतभर धागा, धाग्याला पिंजलेल्या कापसाचा पुंजका. अशी अकरा निशाणं. झोपायच्या जागेपासून बांधापर्यंत, एकामागं एक.

वकीलसाहेब पहिल्या दिवशी म्हणाले, "हवालदार, हे काय वाळवण घातलं?"

"साहेब, तुमचे निशाणं डावं-उजवं सांगत होते. हे वर-खाली सांगतात."

"वारा वर-खाली वाहते काय?"

"आडवा वारा गाढवालेबी समजते," हवालदार म्हणाले. "त्याचे कान हालतात. उभा वारा पाहा लागते."

वकीलसाहेबांना उत्तरात गाढव कुठं बसलं ते घरी गेल्यावर समजलं.

पण ते खरं होतं. मैदानाच्या मध्ये, साठ यार्डांवर, एक नाला आडवा होता. सकाळी त्या नाल्यात रात्रीची थंडी बसून असे. वारा त्यावरून जाताना खाली बुडी मारी आणि गोळीलाही सोबत बुडवी. दहानंतर काळी जमीन तापली की तिथूनच हवा वर चढे. आणि सगळ्यात शेवटी तो बांध. पाठीमागून आलेला वारा बांधाला धडकला की त्याला जायला वरची एकच वाट. चांदाच्या चार हात अलीकडं तो उभा होई आणि गोळी उचलून घेई. नेमबाज शिव्या देई रायफलीला. हवालदार नुसते अकराव्या निशाणाकडं पाहत. त्याची शेपटी वर गेलेली असे.

आणखी एक त्यांनी सांगितलं, ते मला आजही पूर्ण उमगलेलं नाही, पण हजार गोळ्या झाडून पटलं आहे. नुसता आडवा वारासुद्धा गोळीला नुसतं आडवं नेत नाही. डावीकडून आला तर उजवीकडं ढकलतो आणि जरा खाली. उजवीकडून आला तर डावीकडं आणि जरा वर. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, "गोळी फिरत फिरत जाते बे. भवऱ्याले बाजूनं टिचकी मारून पाह्य, तू सांगशीन तसा जाते का तो?"

मी भोवरा आणला. दोन दिवस स्टँडवर टिचक्या मारल्या. तिसऱ्या दिवशी आगारातून साहेब तपासणीला आले, त्यांनाही मारायला लावल्या.

काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, या निशाणांचा राग होता, आणि सगळी निशाणं शिवलीही त्यांनीच होती. पट्टीची कड इतकी बारीक दुमडलेली की वाऱ्याला अडायला सूतभर जागा नाही. "मले ओढणी आणते," काकी मला सांगत, "अन् चार महिन्यानं मैदानात रोवते. लोक म्हणतात, बाईच्या अंगावर काही नाही अन् मैदानाच्या अंगावर अकरा."

"पातळ कपडा पाह्यजे," हवालदार म्हणत.

"मंग जाडी ओढणी आण ना एखांदी!"

"जाडी तुले शोभत नाही."

यावर काकी भाकर जरा जोरात थापत.

गावात कुणाची मयत झाली की हवालदार न चुकता जात. एका अडत्याच्या चितेजवळ सगळे खाली मान घालून उभे होते आणि हे एकटे वर बघत होते, धूर जाईल तिकडं, डोळे भरलेले. अडत्याचा मुलगा माझ्या कानात म्हणाला, "बाबाइवर याइचा किती जीव होता, मले माहीतच नव्हतं." परतताना मी हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, "नदीवरून वारा चढला, मंग पहिल्या झाडाशी बसला, अन् पुन्हा चढला. दोनदा. म्या असं कधी पाह्यलं नव्हतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "माणूसबी चांगला होता."

ते स्वतः कधी गोळी झाडत नसत. याची मी निदान सहा कारणं गावात पसरवली होती. एकात ब्रह्मदेशचं जंगल होतं, एकात गोऱ्या कर्नलची बायको. खरं कारण मी एकदाच विचारलं.

"नेम धरला का एकच जागा दिसते," ते म्हणाले. "मले सारं मैदान पाहा लागते."

मला त्यांनी शिकवलं ते असं. तीन महिने काडतूस हातात दिलं नाही. रिकामी रायफल घेऊन पोटावर झोपायचं आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत निशाणं वाचायची. मोठ्यानं नव्हे, हळू. "पहिलं मेलं. दुसरं मेलं. तिसरं उजवीकडं. सहावं खाली. अकरावं..."

"अकरावं काय?"

"अकरावं वर पाह्यते."

"मंग तू कुठं पाह्यशीन?"

"खाली."

"किती?"

"माशीभर," मी म्हणे. रायफलीच्या पुढच्या टोकाला जो नेमाचा खिळा असतो त्याला माशी म्हणतात.

"माशीभर म्हंजे बैलगाडी जाईन तिच्यातून. केसभर."

एकदा मी चुकून मोठ्यानं हसलो, तर ते म्हणाले, "तू बोलते तवा पहिले तीन निशाणं हालतात. म्या मोजलं." ही अतिशयोक्ती आहे असं मला वाटलं, पण त्या माणसानं आयुष्यात दुसरी अतिशयोक्ती केलेली मला माहीत नाही, म्हणजे तीही नसावी.

मग ती मॅच झाली. चार गावच्या टीम आल्या, आमच्याच मैदानावर. आदल्या दिवशी हवालदारांनी पाहुण्या नेमबाजांना रांगेत उभं केलं आणि अकराही निशाणं समजावून सांगितली. नाला दाखवला, बांध दाखवला, शेपटी वर गेली तर काय, खाली गेली तर काय, सगळं. मला ते आवडलं नाही. मी बाजूला घेऊन म्हटलं, "हवालदार, आपली चावी तुम्ही त्याइच्या हातात काहून देता?"

"वारा आपला हाये काय?" ते म्हणाले.

पाहुण्यांनी ऐकलं आणि हसले. त्यांच्यातला एक, कोट घातलेला, म्हणाला, "आम्ही बंदूक चालवायला आलो, पतंग उडवायला नाही." हवालदारांनी त्याच्या कोटाच्या उडणाऱ्या टोकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा कोटबी सांगून राह्यला, साहेब. पण तो आडवंच सांगते."

मॅचचा कायदा असा की गोळीबार सुरू झाला की नेमबाजाला कुणी खूण करायची नाही, शब्द टाकायचा नाही. हवालदार आमच्या मागं वीस पावलांवर कडुलिंबाखाली हाताची घडी घालून बसले. खोकला आला तरी खोकायचे नाहीत. कुणी त्याला खूण म्हणू नये.

माझ्या शेवटच्या तीन गोळ्या उरल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. चांदात लागलेल्या गोळीला एक गुण; कोटवाल्याची टीम एका गुणानं पुढं होती आणि त्यांचं झाडून झालं होतं. मैदानावर वारा नव्हता. म्हणजे असं दिसत होतं. पहिली दहा निशाणं मेलेली. माझं मन म्हणालं, लाव सरळ मध्ये. मी घोड्यावर बोट ठेवलं, आणि सवयीनं वाचत गेलो, आणि अकरावं निशाण वर पाहत होतं. एकटंच. मी केसभर खाली धरलं. तीनदा. तिन्ही गोळ्या चांदाच्या पोटात, एका रुपयाखाली झाकतील अशा. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

हे सगळं अक्षरशः असंच झालं. यात मी काही घातलेलं नाही. पण स्टँडसमोरच्या हॉटेलात संध्याकाळी मी जेव्हा हे सांगायला लागलो तेव्हा मला वाटलं, यात काय आहे? निशाण पाहिलं, खाली धरलं, लागलं. पुढ्यात पंधरा माणसं, त्यांत घाटंजीचा ड्रायव्हर, वणीचा कंडक्टर, दोन ट्रकवाले सरदारजी, कपात चहा निवतो आहे आणि कोणी पीत नाही. इतकी चांगली बैठक आणि गोष्ट एवढीशी! मी म्हटलं, "तुम्हाले खरी गंमत सांगू? हवालदाराच्या पायाच्या अंगठ्याले धागा होता. तिथून जमिनीतून, नाल्याच्या खालून, सिध्धा अकराव्या निशाणाले. बुढ्ढ्यानं अंगठा हालवला का निशाण वर. वाऱ्याची काय मजाल? वारा हवालदाराच्या नोकरीत हाये!"

हॉटेल हसून हसून लोळलं. वणीच्या कंडक्टरनं चहा सांडला. मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या, पण तशी एकही जमली नव्हती.

सकाळी साडेसातच्या गाडीनं ती निघाली.

आठवड्यानं हवालदार स्टँडवर आले. ते सहसा येत नसत. तिथं गाड्यांचा वारा, तो खोटा वारा असं त्यांचं म्हणणं. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी खुर्ची दिली, बसले नाहीत.

"तू धाग्याचं बोलला?"

मी हसलो. "गंमत होती, हवालदार."

"पाहुण्याइनं अर्जी केली. मॅच खोटी होती म्हणून. येवतमाळून साहेब येऊन राह्यले चौकशीले."

"येऊ द्या ना! साहेब काय खुळा हाये? शंभर यार्ड धागा?"

"निशाणाले धागा हाये," ते हळूच म्हणाले. "वीतभर. त्याच्यानं तुह्या गोष्टीले पाय फुटले." मग थोडा वेळ ते माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहत राहिले. "माह्या तांड्यापर्यंत गेलं ते. माह्या भावाच्या पोरीचं लगन जुळून राह्यलं, तिथंबी इचारलं. आमच्याइत भांडण झालं का तांड्याचा नायक मले बोलावते. माहा शबूद घेतात. त्याच्याबिगर माह्यापाशी दुसरं काही नाही. तू असं कर. जिथं बोलला तिथं वापस घे. आजच. त्याच हॉटेलात, त्याच लोकाइपुढं."

मी म्हटलं, "हवालदार, लोक हसतात अन् विसरतात. वाघाचं विसरले का नाही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पलीकडं नव्हे, माझ्याकडं. त्यांची नजर तशी सरळ माझ्यावर पडण्याची ती बहुतेक पहिलीच वेळ. मग वळून गेले. तेवढ्यात आदिलाबादची गाडी लागली, आणि मी वहीत वेळ लिहिली. त्या दिवशी हॉटेलात गेलो, पण काही परत घेतलं नाही. उलट सरदारजींनी आग्रह केला म्हणून पुन्हा एकदा सांगितली.

चौकशी वकीलसाहेबांच्या ओसरीवर झाली. येवतमाळचे साहेब, वकीलसाहेब, तक्रार करणाऱ्या टीमचा तो कोटवाला, आणि जमिनीवर ठेवलेलं अकरावं निशाण, मयतासारखं आडवं. हवालदार भिंतीशी उभे.

साहेबांनी मला विचारलं, "अंगठ्याला धागा बांधला होता, असं तुम्ही हॉटेलात बोलला?"

"बोललो साहेब. पण ते खोटं होतं. धागा नव्हता. मी नुसतं निशाण पाहिलं, आणि ते निशाण पाहायला सगळ्यांनाच मोकळं होतं."

"मग खोटं का बोलला?"

"गंमत म्हणून."

साहेबांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं. वकीलसाहेबांचा माझ्यावर लोभ होता, त्यांनी माझी बाजू घ्यायला म्हणून सांगितलं, "यांची सवय आहे, साहेब. हे रोजच खोटं बोलतात. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"असं," साहेब म्हणाले. "मग आज खरं बोलताहात हे कशावरून धरायचं?"

चाळीस माणसांच्या गर्दीत गाडीची वेळ ओरडून सांगणारा मी खालच्या आवाजात म्हणालो, शपथ घेतो. कोटवाला हसला. त्याचं चुकलं असं आजही मला म्हणता येत नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हवालदारांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"काई नाई, साहेब. पोरगं खरं बोलून राह्यलं," हवालदार म्हणाले. एवढंच.

निकाल असा झाला की मॅच रद्द. हवालदारांवर काही सिद्ध नाही, त्यांची नोकरी राहील. फक्त ही निशाणं काढायची, क्लबची दोन लाल लावायची, आणि मॅचच्या दिवशी हवालदारांनी मैदानावर यायचं नाही. साहेबांना वाटलं, आपण सौम्य निकाल दिला. हवालदारांनी कडक सलाम ठोकला. तसा सलाम मी पलटणीतल्या माणसाकडूनही पुन्हा पाहिला नाही. मग मैदानावर जाऊन त्यांनी उरलेली दहा निशाणं स्वतः उपटली, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, आणि दर वेळी काठीचं भोक पायानं दाबून माती सारखी केली.

दुसऱ्या दिवशी ते आणि काकी घाटंजीच्या गाडीला आले. ट्रंक, वळकटी, आणि दोरीनं बांधलेले अकरा बांबू. हमालानं बांबू टपावर चढवले. मी गाडीजवळ गेलो. काकी खिडकीत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कंट्रोलर, गाडी सोडा. उशीर झाला तुमच्या वहीत." एरवी रस्ताभर बोलणारी बाई, तेवढंच बोलल्या. गाडी सोडायचं काम माझंच होतं. मी सोडली.

त्यानंतर मी हॉटेलात खरं सांगितलं. एकदा नाही, आठ-दहा वेळा सांगितलं. धागा नव्हता, निशाण खरं होतं, माणूस देवासारखा होता, मी खोटा. लोक मन लावून ऐकत आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणत, "वा कंट्रोलर! ही त पहिलीपेक्षा भारी!" वणीच्या कंडक्टरनं तर विचारलं, "मंग चौकशीच्या साहेबाले धागा दिसला कसा नाही, ते सांगा ना!" मी सांगणं बंद केलं. खरं म्हणजे त्या महिन्यानंतर मी हॉटेलात बसणंच बंद केलं. चहा टेबलावर मागवू लागलो. लोकांना वाटलं, माझं घरी काही बिघडलं.

दिवाळीच्या आधी घाटंजीच्या ड्रायव्हरनं सांगितलं की हवालदार तांड्यावर आहेत, शेती करतात, आणि तांड्यात कुठलंसं बांधाचं भांडण झालं तेव्हा ते बोलायला उठले तर मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही बसा, काका. तुम्ही धागा बांधान." ते बसले. पुन्हा उठले नाहीत, त्या दिवशीही आणि नंतरही.

मी रजा टाकली आणि गेलो. गाडीनं फाट्यापर्यंत, तिथून तीन मैल पायी, कपाशीच्या पराटीमधून. दुपारची वेळ. कापूस फुटला होता आणि तांड्यातली निम्मी माणसं वेचणीला. हवालदार घरासमोर दोरी वळत बसले होते. मला पाहून त्यांनी दोरी खाली ठेवली नाही.

मी पाया पडलो. म्हटलं, "हवालदार, मी वापस घ्यायला आलो."

"इथं कोणापाशी बोलला तू?"

"इथं नाही बोललो. पण इथं पोचलं ना."

त्यांनी दोरीचा पीळ संपवला, गाठ मारली. मग उठून नायकाच्या घराकडं गेले. मी मागं. नायक म्हातारे, पागोटं बांधलेले. ते दोघं आपल्या बोलीत काही बोलले. कुणीतरी वेचणीवर निरोप घेऊन गेलं. तासाभरात माणसं आली, बायाही आल्या, कमरेला कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या. काकी सगळ्यांत मागं, उभ्या. साठ-सत्तर माणसं असतील. शंभर म्हणायला माझी जीभ वळवळते आहे, पण साठ-सत्तरच.

नायक मला म्हणाले, "बोला, बाबू."

मी बोललो. माझं नाव सांगितलं, स्टँडवर काम करतो सांगितलं. निशाणाला वीतभर शेपटीचा धागा होता, दुसरा कुठलाच नव्हता. हवालदारांनी मला खूण केली नाही. त्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांना सारखंच शिकवलं. अंगठ्याचं मी मनानं केलं. त्यांनी मला ते परत घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा मी घेतलं नाही. संपलं. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट इतक्या थोड्यात सांगितली नव्हती.

कोणी हसलं नाही. नायकांनी विचारलं, "कायले केलं मंग असं?"

"लोक हसावे म्हणून."

"हसले?"

"लय हसले."

नायकांनी मान हलवली. हवालदार माझ्या बाजूला उभे होते, मान डावीकडं कललेली, आणि लोकांकडं पाहत होते, एकेका चेहऱ्याकडं, पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, सावकाश. त्यांच्या वाचण्याची रीत मला ठाऊक होती, म्हणून मी थांबलो.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "मांगच्याइले आयकू नाही आलं."

मी पुन्हा सांगितलं.